देवदूताची करंगळी

माझं काम खुर्चीवर बसायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण एकदा सात तास बसून बघा. नदीच्या मोठ्या पुरानंतरच्या वसंतात मी प्रागमधल्या आमच्या लहानशा संग्रहालयात लागले, त्याला आता बावीस वर्षं झाली. तेव्हापासून दुसऱ्या मजल्यावरच्या चौथ्या दालनात बसते आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना एकच वाक्य ऐकवते: हात लावू नका. ते मला अकरा भाषांत येतं. त्यापुढचं एकाही परक्या भाषेत येत नाही आणि माझं कधी अडलंही नाही.

दालनात एकच मोठी वस्तू आहे, कंदील धरलेला देवदूत. तीनशे वर्षांपूर्वी कुणा कारागिराने नदीकाठच्या नावाड्यांच्या पायऱ्यांसाठी तो घडवला. उजव्या हातात कंदील, डावा हात पाण्याकडे केलेला, आणि चेहरा असा की शाळेतली वांड कार्टीसुद्धा त्याच्यासमोर घटकाभर गप्प होतात. त्या पायऱ्या माझ्या खिडकीतून सरळ खाली दिसतात. तिथल्या कठड्यावर याची नक्कल उभी केली आहे, कारण अस्सल वस्तू पावसात आणि कबुतरांत ठेवायची नाही असं शहराने ठरवलं. प्रवासी आधी मोठ्या पुलावरून इकडे उतरतात, नकलेला मिठी मारून फोटो काढतात, मग तिकीट घेऊन अस्सल बघायला माझ्याकडे चढून येतात. वर येईपर्यंत निम्म्यांना दम लागलेला असतो. उरलेल्यांना संडास कुठे आहे ते हवं असतं.

दर गुरुवारी दहा वाजता लुबोर ब्राबेत्स यायचे.

पहिले दोन महिने मी त्यांना खिसेकापू समजत होते. का समजू नये? माणूस तिकीट काढून येतो, कोपऱ्यातल्या बाकावर देवदूताकडे जवळजवळ पाठ करून बसतो आणि देवदूताऐवजी त्याला बघणाऱ्यांचे चेहरे न्याहाळत राहतो. असं दुसरं कोण करतं? बुटका, एक खांदा उतरलेला, बोटांच्या घड्यांत पांढरी भुकटी. टोपी मात्र चर्चमध्ये काढावी तशी काढून मांडीवर ठेवलेली. शेवटी एक दिवस मीच खुर्चीतून उठून विचारलं.

"काय हो, इथे कुणाची वाट बघता?"

"नाही. ऐकतोय."

"काय ऐकताय?"

"लोक काय म्हणतात ते."

मग कळलं, खालची नक्कल यांनीच केलेली. दगडकाम करणारा माणूस. तरुणपणी मूर्तिकार व्हायचं होतं, पण वडिलांची एक खानावळ होती, म्हणजे त्या काळच्या कम्युनिस्ट सरकारच्या लेखी मालक वर्ग. कलाशाळेने दोनदा दार लावून घेतलं. मग आयुष्यभर दुसऱ्यांच्या मूर्तींची तुटकी नाकं, कान, संतांच्या पायाचे अंगठे. "अर्ध्या शहराची नाकं माझी आहेत," असं ते म्हणायचे. हसायचे मात्र नाहीत.

मी त्यांना चिडवायची. "तुमचा पोरगा खाली पावसात भिजतोय आणि तुम्ही इथे परक्याच्या पोरापाशी बसलाय." त्यावर ते टोपी फिरवत राहायचे. मला वाटायचं, बिचाऱ्याला लागलं असेल. मी माझ्या थर्मासमधला रम घातलेला चहा पुढे करायची आणि विषय तिथेच संपायचा.

मी म्हटलं होतं, तिकीट काढू नका, मी सोडते आत. ऐकलं नाही. फुकट बघितलेलं डोळ्यात राहत नाही म्हणे. बायको वारली त्या आठवड्यातही गुरुवार चुकला नाही. काळा कोट घालून आले आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ बसले. एक वाटाड्या पिवळी छत्री उंच धरून माणसांचा कळप घेऊन यायचा आणि वर्षानुवर्षं एकच वाक्य म्हणायचा: "नीट बघा मंडळी, असा हात आता जन्माला येत नाही." ते वाक्य आलं की ब्राबेत्स मान खाली घालायचे. मला ती भक्ती वाटायची.

हे सगळं आत्ता सांगतेय कारण पुढचं सगळं एका गुरुवारी, सव्वादोन तासांत घडलं.

फेब्रुवारीचा शेवट होता. नदीवर धुकं, दालनात माणूस नाही. मी थर्मास उघडला, त्यांना झाकणात चहा ओतून दिला आणि सहज म्हणाले, "आज दुपारी खाली ठोकाठोक आहे. दोन वाजता तुमच्या पोराला काढणार."

"काढणार म्हणजे?"

"फोडणार. थंडीने घोट्यात तडा गेलाय ना त्याच्या. ठेकेदार म्हणतो, क्रेन लावून उतरवा, सांधा, परत चढवा, एवढं कुणी सांगितलंय? जागच्या जागी फोडायचा आणि या वरच्या अस्सलावरून साचा घेऊन सिमेंटचा नवा ओतायचा. नक्कलच तर आहे." त्यांचा चेहरा बघून मी जरा नरमले. "वाईट वाटतंय होय? तुमच्या हातचं काम, वाटणारच."

त्यांनी झाकण बाकावर ठेवलं. चहा सांडला, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

"किती वाजले?"

"पावणेबारा."

"यार्मिलाबाई," ते म्हणाले, "खालचा अस्सल आहे."

मला आधी वाटलं, म्हातारपण. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला होतं असं. पण ते बोलत राहिले, खालच्या आवाजात, एकसारखं, कुणीतरी मागे लागल्यासारखं.

"पूर आठवतो ना? दोघेही नदीकाठच्या गोदामात होते. अस्सल नकलेसाठी उतरवलेला, धुऊन पांढराशुभ्र केलेला. धुतल्याशिवाय मापं घेता येत नाहीत. माझा नुकताच पुरा झालेला. शहराच्या समितीने सांगितलं होतं, कठड्यावर कोरा करकरीत दिसता कामा नये. मी त्याला काजळी आणि चहाचे हात दिले, महिनाभर. झिजलेल्या जागा झिजलेल्या केल्या, टवके होते तिथे टवके काढले. मग पाणी आलं. सैन्याच्या पोरांनी दोघांनाही चिखलातून ओढून काढलं. मूर्तींवरच्या चिठ्ठ्या वाहून गेल्या, कागद वाहून गेले. समिती समोर उभी राहिली आणि म्हणाली, पांढरा तो नवा, काळा तो जुना."

"आणि तुम्ही कुठे होता?"

"घरातला गाळ उपसत होतो. तीन आठवड्यांनी बोलावलं, खूण कोरायला."

आमच्याकडे तशी रीत आहे. नक्कल जागेवर बसली की जो घडवतो त्यानेच तिच्या पाठीवर एक अक्षर आणि साल कोरायचं, म्हणजे पुढच्या पिढ्यांची फसगत होत नाही.

"मी गेलो तेव्हा तो कठड्यावर चढलेला होता. मागे गेलो, पाठीवर हात ठेवला आणि कळलं, ही पाठ माझी नाही."

"मग?"

"मग कोरलं."

माझे कान तापल्याचं मला कळत होतं.

"खाली दोन माणसं उभी होती," ब्राबेत्स म्हणाले. "नवरा-बायको असतील. वरचा बघून खाली आलेली. तो बाईला म्हणाला, वरचा बघितल्यावर हा कसा मेलेला वाटतो, नाही? आणि वरचा माझा होता, यार्मिलाबाई. छिन्नी माझ्या हातात होती. मी कोरलं."

खरं सांगते, मला दया आली नाही. मला राग आला. बावीस वर्षं मी रोज सकाळी दालन उघडून त्या दगडाला सुप्रभात म्हणत होते. पोराटोरांना दटावत होते, एका राजदूताच्या बायकोच्या हातावर चापट मारली होती. आणि मी सांभाळत होते काय, तर काजळी आणि चहा.

"लाज नाही वाटली?"

"दर गुरुवारी," ते म्हणाले.

"मग बसलात कसे इथे?"

"लाज वाटायची तिकीट काढताना. लोक बोलायला लागले की विसरायचो."

मी घड्याळ बघितलं. बारा वाजत आले होते. रागावायला पुढे भरपूर वेळ मिळणार होता. खालच्याला दोन तास होते.

"उठा," मी म्हटलं. "आधी खाली जाऊन थांबवा त्यांना."

मी खुर्ची सोडू शकत नव्हते म्हणून खिडकीशी उभी राहिले. काच जाड, आवाज येत नाही. चार कामगार लाकडी फळ्या लावत होते. ब्राबेत्स टोपी काढून मुकादमाशी बोलले. मुकादम आधी हसला. मग त्याने खिशातून कागद काढला आणि त्यावर बोट ठेवून दाखवला. ब्राबेत्स पुन्हा बोलले. मुकादमाने त्यांच्या पाठीवर थोपटलं, आजोबांना थोपटतात तसं, आणि फळ्यांकडे वळला. ब्राबेत्स क्षणभर तिथेच उभे राहिले. हात वर करून त्यांनी देवदूताच्या पावलाला, तडा गेलेल्या घोट्याखाली, स्पर्श केला. मग परत निघाले.

वर यायला त्यांना वीस मिनिटं लागली, कारण खाली तिकिटाच्या खिडकीतल्या पोरीने एकदा बाहेर गेलं की नवं तिकीट हा नियम दाखवला. आणि या माणसाने रांगेत उभं राहून नवं तिकीट काढलं. घर जळत असताना बंबवाल्यांसाठी पायपुसणं झटकणारी आमची जात आहे.

"कागद आणा म्हणतो. कागदावर फोडा असं लिहिलंय, म्हणून फोडणार."

कागद देऊ शकेल असा माणूस एकच, आमच्या डॉक्टर बार्तोशोवा. मूर्तिविभागाच्या प्रमुख, चाळिशीच्या, हुशार. त्या दिवशी पाहुण्यांसोबत बैठकीत, फोन बंद, एकपर्यंत कुणी आत जायचं नाही. मी एक वाजेपर्यंत दम धरायचा प्रयत्न केला. साडेबाराला मी खुर्ची सोडली. बावीस वर्षांत पहिल्यांदा मी दालन कुलूप न लावता सोडलं आणि बैठकीच्या दारावर धडका दिल्या.

दार उघडलं ते त्यांच्या मदतनीस बाईंनी. "यार्मिलाबाई, आग लागली का?"

"लागेल."

"मग लागली की या."

दार बंद झालं. मी तिथेच, दाराबाहेर उभी राहिले. माझा गुडघा दुखतो, तरी उभी राहिले. एक वाजून वीस मिनिटांनी पाहुणे हसत बाहेर पडले आणि मी बार्तोशोवाबाईंना दंडाला धरून चौथ्या दालनात आणलं. वरिष्ठांच्या दंडाला धरतात का? नाही धरत.

ब्राबेत्सनी सगळं पुन्हा सांगितलं. मघाचा ओघ गेला होता, ते अडखळत होते. बाईंनी न थांबवता ऐकलं, मग चष्मा काढून पुसला.

"ब्राबेत्स, मला तुमच्याबद्दल आदर आहे. पण दर वर्षी कुणीतरी येतं. मागच्या वर्षी एकीच्या स्वप्नात हा देवदूत आला आणि मला घरी ने म्हणाला."

"मी स्वप्नातला नाही. मी ते काम केलंय."

"केलंय ना? मग खालच्याच्या पाठीवर तुमची खूण आहे. मी स्वतः तिचा फोटो काढलाय. तुमचाच हात आहे तो."

"हो. ती खूण खोटी आहे."

"म्हणजे तेव्हा तुम्ही खोटं कोरलंत."

"हो."

"मग आज खरं बोलताय कशावरून?"

चोराने स्वतःची चोरी कबूल करावी आणि पोलिसाने म्हणावं, तू तर खोटारडा, तुझ्यावर विश्वास कसा ठेवू. खालून यंत्राचा आवाज आला. जाड काचेतूनही आला. दगड फोडायचं यंत्र त्यांनी चालू करून बघितलं आणि बंद केलं. एक वाजून एकतीस.

"करंगळी," ब्राबेत्स एकदम म्हणाले. "डाव्या हाताची. घडवताना माझ्याकडून तुटली. मुदतीला दोन आठवडे उरले होते. कुणाला कळू दिलं नाही. आत लोखंडाची काडी घालून चिकटवली."

बार्तोशोवाबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी निघालेच होते. जिन्याशेजारच्या दुकानात फ्रिजला चिकटवायचे चुंबक मिळतात, आमच्याच देवदूताचं चित्र असलेले. मी एक उचलला, विकणारी पोरगी ओरडत राहिली. बाईंनी तो देवदूताच्या करंगळीजवळ धरला. टक् आवाज झाला. चिमुकला देवदूत मोठ्याच्या बोटाला लटकला.

मला वाटलं, सुटलो. हातच्या काकणाला आरसा कशाला? पण बाई मान हलवत होत्या.

"जुने कारागीरही लोखंड घालायचे. खिळे, पट्ट्या, सगळं. याने काहीच ठरत नाही. याची क्ष-किरण तपासणी करावी लागेल. सोमवारी मी..."

"सोमवारी काय तपासणार?" मी विचारलं. "आणि कशाशी ताडून बघणार?"

त्या वाईट नाहीत. त्यांनी शहराच्या कचेरीला फोन लावला; जेवणाची सुट्टी. ठेकेदाराला लावला, कुणी उचलला नाही. फोन हातात धरून त्या खिडकीशी गेल्या आणि मला त्यांची मान घामेजलेली दिसली. मंजूर झालेलं काम एका म्हाताऱ्याच्या शब्दावर थांबवायचं आणि उद्या तो भ्रमिष्ट ठरला तर हसं कुणाचं होणार, हे त्यांना कळत होतं, मलाही कळत होतं. एक त्रेचाळीस.

"काडी कसली आहे?" मी ब्राबेत्सना विचारलं.

"सायकलचा स्पोक."

"काय?"

"माझ्याच सायकलचा. दुसरं काही हाताशी नव्हतं."

तीनशे वर्षांपूर्वी घोडे होते, गाढवं होती, पालख्या होत्या. सायकल नव्हती.

"ते बोटाच्या आत आहे," बार्तोशोवाबाई म्हणाल्या. "आत आहे, ब्राबेत्स. दिसत नाही."

ब्राबेत्सनी टोपी बाकावर ठेवली. मग माझ्याकडे वळले.

"यार्मिलाबाई, जरा थर्मास द्या."

त्यांना चहा हवाय असं वाटायला मी खुळी नाही. पोलादी थर्मास, विटेएवढ्या वजनाचा, नवऱ्याने मासे धरायला जाताना वापरलेला. माझ्या निवृत्तीला दहा महिने उरले होते. देवदूताभोवतीच्या दोरीच्या अलीकडे ते उभे होते आणि ते माझं वाक्य, अकराच्या अकरा भाषांत, माझ्या जिभेवर आलं होतं. आणि ते खोटे ठरले तर? मी तीनशे वर्षांच्या मूर्तीचा हात तोडायला हत्यार दिलेली बाई ठरणार होते. मी त्यांच्या हातांकडे बघितलं. बोटांच्या घड्यांत तीच पांढरी भुकटी होती.

मी थर्मास दिला.

त्यांनी एकच घाव घातला, मनगटातून, फार जोराचा नाही. काम करणाऱ्या माणसाचा घाव. धोक्याची घंटा वाजायला लागली. करंगळी माझ्या बुटापाशी येऊन पडली, चुंबक त्यापलीकडे. आणि तुटलेल्या हातातून बोटभर लांब तार बाहेर आलेली होती, जरा गंजलेली, टोकाला चाकाच्या कडीत पिळायचे आटे स्पष्ट दिसणारी.

बार्तोशोवाबाईंनी त्या आट्यांवरून बोटाचं टोक फिरवलं. एकदाच. मग उंच टाचेचे बूट काढून हातात घेतले आणि धावत सुटल्या.

मी खिडकीशी गेले. ब्राबेत्स आले नाहीत. ते देवदूताकडे तोंड करून उभे होते. मी त्यांना त्याच्याकडे असं सरळ बघताना प्रथमच पाहत होते.

"सांगा," ते म्हणाले.

"मुकादम चढलाय फळीवर."

"बाई?"

"दिसत नाहीत अजून. त्याने यंत्र उचललं." घंटेच्या आवाजात मला ओरडावं लागत होतं. "दोन वाजले नाहीत अजून, गाढवाला कसली घाई आहे." यंत्र पंखाला टेकलं. धूळ उडाली. पंखाचं टोक निखळून पायऱ्यांवर पडलं आणि घरंगळत पाण्यापर्यंत गेलं. "पंख," मी म्हटलं. "टोक गेलं." तेवढ्यात पायमोज्यांवर धावत येणारी बाई दिसली, दोन्ही हातांत बूट, आणि तिने त्यातला एक मुकादमाला फेकून मारला. "थांबला. ब्राबेत्स, थांबला तो."

मी वळले तर ते बाकावर बसले होते आणि रडत होते. मीही रडले. घंटा बंद करायला पहारेकरी आला, त्याला काय समजायचं ते समजू दिलं.

पंखाचं टोक नदीच्या कडेच्या चिखलात सापडलं, ते सांधलंय, रेघ दिसते. समितीने पुढे दोन महिने बैठका घेतल्या. माझ्या फायलीत लेखी ताकीद आहे आणि थर्मासला खळगा. ब्राबेत्सवर खटला भरायचा की आभार मानायचे, हे ठरेना. शेवटी दोन्ही टाळलं. पण संग्रहालयातल्या वस्तूची मोडतोड करणाऱ्याला कायमची प्रवेशबंदी, असा नियम आहे. मोडतोड झाली तेव्हा ती वस्तू संग्रहालयाची होती, त्यामुळे नियम लागू झाला. बार्तोशोवाबाईंनी त्या कागदावर सही केली. खालच्या तिकीटवाल्या पोरीला ब्राबेत्सचा फोटो दिला गेला. म्हणजे ज्याच्यासाठी त्यांनी सगळं केलं तो अस्सल देवदूत आज माझ्या दालनात आहे आणि या शहरात त्याला बघायची मनाई असलेला माणूस एकच.

एप्रिलमध्ये अदलाबदल झाली. अस्सल वर आला. त्याच्या पाठीवरची खोटी खूण पुसता येत नाही, म्हणून त्याला भिंतीला टेकवून उभा केलाय. तो जास्त चांगला आहे असं सगळे जाणकार म्हणतात. असेल. मी अजून त्याला सुप्रभात म्हणत नाही.

दुसरा खाली कठड्यावर गेला. खूण कोरायला ब्राबेत्सनाच बोलावलं. अख्खा दिवस लागला त्यांना, मी खिडकीतून बघत होते. ती करंगळी मी त्या दिवशी एप्रनच्या खिशात टाकली होती, कुणी मागितली नाही. जेवणाच्या सुट्टीत खाली जाऊन मी ती त्यांच्यापुढे धरली.

"चिकटवा आता. नीट, चांगल्या सळईने."

त्यांनी ती हातात घेऊन उलटसुलट केली आणि मला परत दिली.

"राहू दे तसंच. पुन्हा गफलत नको."

आता गुरुवारी मी माझा डबा घेऊन पायऱ्यांवर जाते. ते तिथे आधीच बसलेले असतात, कठड्याकडे तोंड करून. मागच्या आठवड्यात पाऊस भुरभुरत होता. देवदूताच्या तुटक्या बोटातून स्पोक बाहेर आलेला आणि त्याच्या टोकावर थेंब. पिवळी छत्री आली, मागे वीस-पंचवीस माणसं. दोघीतिघींनी फोन काढले.

"इथे वेळ घालवू नका मंडळी," छत्रीवाला म्हणाला. "हा नुसता नकली आहे. बघा, बोटातून तारसुद्धा दिसते. खरा वर आहे, चला. असा हात आता जन्माला येत नाही."

फोन खिशात गेले. माणसं वळून जिन्याकडे निघाली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"अहो, सांगा की त्याला काहीतरी. गप्प काय बसलाय?"

ब्राबेत्स पाव मोडत होते. अर्धा त्यांनी माझ्या हातात दिला.

"काय सांगू," ते म्हणाले. "बावीस वर्षांत पहिल्यांदा खरं बोलतोय तो."

मग आम्ही पाव खाल्ला, आणि माझी सुट्टी संपली म्हणून मी वर गेले.